फडावरच्या मुलांसाठी टोपी आणि बंडी : पहिल्यांदाच विणणाऱ्यांसाठी

दसरा सरला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं ऊसतोडणीला निघतात. भांडी, कोयते, पिठाची पोती, एखादी शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली मुलं. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्याच्या हद्दीत कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेच घर. तोडणी पहाटेच्या अंधारात सुरू होते. आई-बाप उसाच्या फडात शिरले की लहानगी बांधावर, पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या, ढिगावर बसून राहतात. ऊस दवाने ओला असतो, जमीन ओली असते, आणि अंगात बऱ्याचदा एक पातळ सदरा असतो.

या मुलांसाठी विणता येतं, आणि ज्यांनी कधी सुया हातात घेतल्या नाहीत त्यांनाही येतं. मी इथे दोनच वस्तू सांगणार आहे : टोपी आणि बिनबाह्यांची बंडी. मोजे सांगत नाही, कारण विणलेला मोजा मातीत चालून चार दिवसांत फाटतो. हातमोजे नवख्याला जमत नाहीत आणि मुलं ते हरवतात. मफलर तर मी ठरवून टाळते, त्याचं कारण पुढे येईल.

आधी मुलं, मग लोकर

माझी पहिली खेप वाया गेल्यासारखीच होती. मी आणि शेजारच्या दोघींनी हौसेने एकोणीस स्वेटर विणले, सगळे दोन-तीन वर्षांच्या मापाचे, कारण छोटं विणून लवकर होतं. ते घेऊन गेलो जानेवारीच्या शेवटी. तिथली मुलं होती सहा ते अकरा वर्षांची, आणि थंडी तर जवळजवळ संपत आली होती. एका मुलीने तो इवला स्वेटर डोक्यावरून घालायचा प्रयत्न केला, तो कानापाशी अडकला, आणि तिने तो घडी करून मला परत दिला. ती घडी मला अजून आठवते. तेव्हापासून मुलांची माहिती हातात आल्याशिवाय मी एकही टाका घालत नाही.

म्हणून पहिली पायरी फोनची. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काही कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालतात. आई-बाप तोडणीला गेल्यावर मुलांना गावातच राहता यावं म्हणून मराठवाड्यात हंगामी वसतिगृहंही चालवली जातात. नंदुरबार, धुळे, नाशिक, पालघर, अमरावती या जिल्ह्यांत आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. त्यांतल्या तोरणमाळ किंवा चिखलदऱ्यासारख्या उंचावरच्या गावांत हिवाळा चांगलाच बोचतो. निफाडची थंडी तर सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे, आणि त्याच तालुक्यात द्राक्षबागांवर राबणारी, वीटभट्ट्यांवर राहणारी कुटुंबंही आहेत. आपल्याला जी जागा गाठता येईल ती एकच निवडावी.

तिथल्या शिक्षकांना किंवा अधीक्षकांना विचारायचं : मुलं किती, कोणत्या वयाची, आणि कुठल्या तारखेपर्यंत ती नक्की तिथे असतील. शक्य असेल तर डोक्याचा घेर आणि छातीचा घेर एका वहीत लिहून पाठवायची विनंती करा. चाळीस मुलांची मापं घ्यायला शिक्षकाला अर्धा तास लागतो, आणि बहुतेकजण आनंदाने घेतात. मोजपट्टी नसेल तर सुतळीने मोजून पट्टीवर धरली तरी चालतं.

विणून सगळं तयार हवं ते दिवाळीपर्यंत. नवख्या हाताला एका टोपीला सहा-सात संध्याकाळी लागतात आणि एका बंडीला तीन-चार आठवडे. म्हणजे श्रावणात सुरुवात करावी, फार तर गणपती उठल्यावर. बाहेर पाऊस पडत असताना मांडीवर लोकर घेऊन बसायला बरंही वाटतं.

कोणती लोकर, आणि शेकोटीचा विचार

दुकानात आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. लुधियानाहून येणारे वर्धमान, ओसवाल यांसारख्या कंपन्यांचे स्वस्तातले गुंडे बहुतेक ऍक्रिलिकचे असतात. लेबल वाचा. ऍक्रिलिक स्वस्त, हलकं, रंग पक्का, आणि दगडावर धोपटलं तरी टिकतं. शुद्ध लोकर जास्त ऊब देते, पण गरम पाण्यात चोळून धुतली की आकसून नमद्यासारखी घट्ट होते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, मुलाच्या मानेला मात्र ती टोचते.

ऍक्रिलिकचा एक दोष मात्र गंभीर आहे. ते पेट घेतं, वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. मेंढीची लोकर सहजासहजी पेटत नाही, पेटली तरी ज्वाळेपासून दूर नेली की विझते. आपली ही मुलं चुलीपाशी झोपतात, पहाटे पाचटाच्या शेकोटीला हात शेकत बसतात. त्यामुळे लोंबणारं काहीही विणायचं नाही. मफलर नको, गोंडे नकोत, झालरी नकोत, सैल रुंद बाह्या नकोत. मफलर ट्रॉलीच्या चाकात किंवा कशाततरी अडकण्याचीही भीती असतेच. बंडीला बाह्या नसण्याचं खरं कारण हेच आहे. हात चुलीपाशी मोकळे राहतात आणि छाती-पाठ झाकलेली राहते. परवडत असेल तर लोकर मिसळलेला धागा घ्या, लेबलवर ते प्रमाण लिहिलेलं असतं. नसेल परवडत तर ऍक्रिलिक घ्या, पण अंगाबरोबर राहील असंच विणा. आणि देताना शिक्षकांना आगीची ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा.

मध्यम जाडीची लोकर घ्या. फार बारीक घेतली तर काम संपत नाही, फार जाड घेतली तर नवख्याचे टाके वेडेवाकडे दिसतात. मोठ्या मुलाच्या टोपीला साधारण ५० ग्रॅम लागते आणि सहा-सात वर्षांच्या बंडीला १५० ग्रॅम. एका वस्तूची लोकर एकदमच घ्या, कारण पुढच्या खेपेचा रंग तंतोतंत जुळत नाही.

रंगाच्या बाबतीत माझा आग्रह आहे. पांढरा आणि फिका गुलाबी नको, तो फडावर दोन दिवसांत मातकट होतो. पण म्हणून सगळं करडं-तपकिरीही नको. मोरपंखी, शेंदरी, गर्द जांभळा, बाटली हिरवा या रंगांवर मुलं तुटून पडतात. आपल्या आवडीचा रंग अंगावर मिळणं ही त्यांच्या वाट्याला क्वचित येणारी गोष्ट आहे.

घरात जुने हाताने विणलेले स्वेटर असतील तर ते उसवून वापरता येतात. शिवण सोडवा, जिथे टाके बंद केले होते त्या वरच्या टोकापासून धागा ओढा आणि खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत जा. लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवा आणि खाली थोडं वजन अडकवून सावलीत वाळवा. धाग्याची वळणं बरीचशी जातात. यंत्रावर विणून कापून शिवलेला स्वेटर मात्र उसवायला घेऊ नका. त्याचा प्रत्येक ओळीला वेगळा तुकडा पडतो.

सुया म्हणाल तर ९ नंबरची एक जोडी पुरे. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. ९ नंबरची सुई ३.७५ मिलिमीटर जाड असते, ८ नंबरची ४ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५. याशिवाय मोठ्या नाक्याची बोथट सुई, मोजपट्टी, आणि पडलेला टाका उचलायला एक क्रोशाची सुई लागेल.

सुलट आणि उलट

सगळं विणकाम या दोन टाक्यांवर उभं आहे. टाके असलेली सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात.

सुलट टाक्यासाठी धागा सुयांच्या मागे ठेवा. उजवी सुई पहिल्या टाक्यात समोरून मागे घाला, धाग्याचा एक वेढा उजव्या सुईच्या टोकावर घ्या, तो वेढा टाक्यातून पुढे ओढून काढा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. उलट टाक्यासाठी धागा पुढे आणा. उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे, सुयांच्या पुढच्या अंगाने घाला, वेढा घ्या, तो मागे ढकला, जुना टाका सोडा.

टाके घालायची सोपी रीत सुलट टाक्यातूनच निघते. डाव्या सुईवर एक सरकगाठ घ्या. त्यात सुलट टाका विणा, पण जुना टाका सोडू नका. नवा वेढा उचलून डाव्या सुईवरच ठेवा. झाले दोन टाके. आता दुसऱ्यात तेच. हवे तितके होईपर्यंत करत राहा, आणि हात सैल ठेवा. पहिली ओळ घट्ट झाली तर टोपीचा काठ कपाळावर वळ उठवतो.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंना आडव्या उंच रेघांची जाड वीण येते. तिच्या कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट (ही समोरची ओळ) आणि परतताना एक ओळ उलट (ही परतीची ओळ) विणली की समोरून गुळगुळीत, वेणीसारखी वीण दिसते. ही साधी वीण, पण तिच्या कडा गुंडाळल्या जातात. २ सुलट, २ उलट असं एकाच ओळीत विणलं की उभ्या पट्ट्यांचा ताणला जाणारा काठ तयार होतो. काठ विणताना पाठ करायची गरज नाही. तुमच्यासमोर जो टाका सुलट दिसतोय तो सुलट विणा, ज्याच्या मानेशी गाठ दिसतेय तो उलट.

नवख्यांच्या दोन चुका ठरलेल्या असतात. सुलटावरून उलटाकडे जाताना धागा सुयांच्या मधून न नेता सुईवरून नेला की एक फुकटचा टाका वाढतो. आणि एखादा टाका सुईवरून निसटला की तो खाली खाली उतरत शिडी पाडतो. पहिल्याला उपाय म्हणजे दर चार ओळींनी टाके मोजणं. दुसऱ्याला क्रोशाची सुई : निसटलेल्या टाक्यात ती घाला, वरचा आडवा धागा त्यातून ओढा, असं एकेक पायरी चढत वर या.

माप घेणारा तुकडा

३० टाके घालून साध्या विणीत १२ सेंटिमीटर उंचीचा चौकोन विणा. तो सपाट ठेवून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आहेत ते मोजा. पुढची सगळी मापं मी १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी धरून दिली आहेत. तुमचे २५ टाके भरत असतील तर हात घट्ट आहे, ८ नंबरची सुई घ्या. २० भरत असतील तर १० नंबरची. या तुकड्याचा कंटाळा करू नका. २२ च्या जागी २५ भरले तर ४४ सेंटिमीटरची टोपी ३९ ची होते, आणि ती त्या मुलाच्या डोक्यात जात नाही.

टोपी

तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं डोकं साधारण ४९ ते ५२ सेंटिमीटर भरतं. विणलेली टोपी ताणली जाते, म्हणून ती डोक्यापेक्षा थोडी लहान विणायची.

९८ टाके घाला. २ सुलट, २ उलट असा काठ ८ सेंटिमीटर विणा. समोरच्या ओळीची सुरुवात आणि शेवट दोन्ही २ सुलटांनी होईल. काठ इतका उंच ठेवायचा तो दुमडण्यासाठी. दुमडला की कानांवर दोन पदर येतात, आणि मूल मोठं झालं की घडी उलगडून टोपी आणखी एखादा हिवाळा चालते. मग साधी वीण सुरू करा आणि सुरुवातीपासून १८ सेंटिमीटर होईपर्यंत विणा.

आता माथा. समोरच्या ओळीत १ सुलट, मग (६ सुलट, २ टाके एकत्र सुलट) असं १२ वेळा, शेवटी १ सुलट. ८६ टाके उरतील. परतीची ओळ उलट. पुढच्या समोरच्या ओळीत कंसातले ६ च्या जागी ५ सुलट, की ७४ उरतील. परत उलट. असं दर समोरच्या ओळीत एक-एक कमी करत ६२, ५०, ३८, २६ आणि शेवटी नुसते २-२ एकत्र विणून १४ टाके. धागा दोन हात लांब ठेवून कापा, बोथट सुईत ओवा, १४ टाक्यांतून फिरवून गच्च ओढा आणि त्याच धाग्याने पाठीची शिवण घाला. काठाचा जो भाग दुमडला जाणार आहे तिथली शिवण उलट बाजूने घाला, म्हणजे घडी घातल्यावर ती आतच राहते.

या टोपीची मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे तिची शिडी. माथा उतरताना जे आकडे येतात तीच लहान टोप्यांची मापं आहेत. ११० टाके घातले तर दहा-बारा वर्षांच्या मुलाची टोपी होते, माथ्याच्या आधी १९ सेंटिमीटर विणा आणि कंसातले ७ सुलट धरून सुरुवात करा. ८६ टाके एक-दोन वर्षांच्या बाळाला, १६ सेंटिमीटर. ७४ टाके चार-सहा महिन्यांच्या बाळाला, १४ सेंटिमीटर. ६२ टाके नवजात बाळाला, १२ सेंटिमीटर. आणि ५० टाके कमी वजनाच्या बाळाला, १० सेंटिमीटर. बाळांच्या टोप्यांना काठ ३-४ सेंटिमीटर पुरतो. प्रत्येक मापाचा माथा शिडीवर त्याच्या आकड्याच्या पायरीपासून उतरू लागतो. एक टोपी जमली की सहा मापं हातात येतात.

बंडी

ही बंडी मुद्दाम अशी बेतली आहे की गळ्याला किंवा बगलेला टाके नव्याने उचलावे लागत नाहीत. गुंड्या नाहीत, चेन नाही. गुंडी तुटते आणि फडावर ती लावायला कुणी नसतं. सदऱ्यावरून घालता यावी म्हणून छातीच्या घेरापेक्षा ती आठ-दहा सेंटिमीटर मोठी आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मागचा भाग : ७८ टाके घाला. ५ सेंटिमीटर २ सुलट २ उलट काठ. मग साधी वीण, एकूण २६ सेंटिमीटर होईपर्यंत. इथे दोन्ही कडांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूणगाठ बांधा, बगल इथून सुरू होते. पुढे दोन्ही कडांचे ४-४ टाके समोरून आणि परतीच्या ओळीतही सुलटच विणा, म्हणजे बगलेची कड वळणार नाही. खुणेपासून ५२ ओळी विणायच्या आहेत, त्यातल्या शेवटच्या ६ ओळी पूर्णच सुलट विणा. मग टाके सैल हाताने बंद करा : दोन टाके सुलट विणा, आधीचा टाका नंतरच्यावरून उचलून सोडा, एक विणा, पुन्हा तसंच.

पुढचा भाग खुणेपर्यंत अगदी तसाच. तिथे गळा दुभंगतो. पहिल्या अर्ध्या ३९ टाक्यांवर विणा : ३४ सुलट, २ एकत्र, ३ सुलट. उरलेले ३९ टाके जाड दोऱ्यात ओवून बाजूला ठेवा. परतीच्या ओळीत ३ सुलट, मग उलट, शेवटचे ४ सुलट. पुढच्या दोन ओळी काही न घटवता. या चार ओळींचा फेरा (दर फेऱ्याला ३४ मधला एक सुलट कमी होत) १३ वेळा केला की ५२ ओळी होतात आणि २६ टाके उरतात. ते बंद करा. दुसऱ्या अर्ध्याला गळ्याकडून नवा धागा लावा आणि आरशातल्यासारखं करा : ३ सुलट, २ एकत्र, ३४ सुलट, आणि परतीला ४ सुलट, मग उलट, शेवटचे ३ सुलट. इथे २ टाके एकत्र विणताना सुई टाक्यांच्या मागच्या बाजूने घातली तर दोन्हीकडचा उतार जुळून येतो. तसं नाही केलं तरी बंडी काही बिघडत नाही.

७८ चे तीन सारखे भाग पडतात, २६ खांदा, २६ मान, २६ खांदा. दोन्ही खांदे शिवा, मग काठापासून खुणेपर्यंत कडा शिवा. शिवताना टाके घट्ट ओढू नका, बंडी ओढून घालताना शिवणच आधी उसवते.

तीन-चार वर्षांसाठी ६६ टाके, खुणेपर्यंत २२ सेंटिमीटर, चार ओळींचे फेरे ११, खांद्याला २२. नऊ-दहा वर्षांसाठी ९० टाके, ३१ सेंटिमीटर, फेरे १५, खांद्याला ३०. धाकट्या मापाचा गळा थोडा अरुंद पडतो, कारण लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. म्हणून खांदा शिवताना गळ्याकडचे २-२ टाके मोकळे सोडा आणि देण्याआधी घरातल्या एखाद्या पोराच्या डोक्यावरून घालून बघा.

गुंडा संपला तर नवा धागा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा. मधोमध मारलेली गाठ पाठीला टोचत राहते. सगळी टोकं बोथट सुईने आतल्या बाजूला किमान पाच-सहा सेंटिमीटर ओवून घ्या.

नवजात बाळांसाठी

काहींना फडापर्यंत जाणं जमत नाही, पण जवळच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष असतो. तिथल्या परिचारिकांशी बोलून ५० आणि ६२ टाक्यांच्या टोप्या देता येतात. बाळाच्या अंगाचा मोठा हिस्सा डोक्याचाच असतो आणि तिथून ऊब झपाट्याने निघून जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे तर अंगात साठवलेली चरबीही फार कमी असते. आईच्या उघड्या छातीशी बाळाला बांधून ठेवण्याची जी कांगारू पद्धत आहे, तिच्यातही बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांनी जी कामं केली, त्यांत बाळाला उबदार ठेवणं हे एक मोठं काम होतं.

बाळांसाठी विणताना काही गोष्टी कटाक्षाने पाळा. जाळीदार नक्षी नको, तिच्यात इवली बोटं अडकतात. नाडी, मणी, गुंडी, गोंडा नको. केसाळ, फुलणारी लोकर नको, तिचे तंतू नाका-तोंडात जातात. आतलं एकही टोक मोकळं राहता कामा नये, ते बोटाभोवती गुंडाळलं तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. आणि बाळाला टोपी कधी घालायची, कधी काढायची हे परिचारिकेलाच ठरवू द्या. बंद उबदार खोलीत झोपलेल्या बाळाला फार गुंडाळणंही धोक्याचं असतं.

धुणं आणि देणं

विणून झाल्यावर सौम्य साबणाच्या थंड पाण्यात प्रत्येक वस्तू एकदा धुवा. पिळू नका, पंच्यात दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगलेली ओली बंडी गुडघ्यापर्यंत लांबते. ऍक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, त्याचा ताण एकदा गेला की कायमचा जातो.

सगळ्यांना पुरेल तेव्हाच द्या. वर्गात ४० मुलं असतील आणि टोप्या ३२ असतील, तर त्या घेऊन जाऊ नका. उरलेल्या आठ मुलांना तो दिवस विसरता येत नाही. म्हणून एकटीने बंड्यांचा संकल्प सोडण्यापेक्षा भिशीतल्या, भजनी मंडळातल्या चौघी-पाचजणी मिळून आधी एका वर्गाच्या टोप्या पूर्ण करा. बंड्या पुढच्या वर्षी.

रंग मुलांनाच निवडू द्या. चटईवर मापाप्रमाणे ढीग मांडून ठेवायचे आणि ज्याच्या त्याच्या मापाच्या ढिगातून त्याने उचलायचं. रांगेत उभं करून, हातात टोपी देतानाचे फोटो काढू नका. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपल्याला कशासाठी उभं केलंय ते पुरतं कळतं. हस्तांतर शिक्षकांच्या हातूनच झालेलं मला बरं वाटतं. त्या मुलांचा रोजचा माणूस तोच आहे.

प्रत्येक रंगाचा उरलेला छोटा गुंडा आणि एक बोथट सुई शिक्षकांकडे ठेवून या. उसवलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. थोरल्या मुलींना आणि मुलांनाही टाका उचलायला दहा मिनिटांत शिकवता येतं. गेल्या हिवाळ्यात एका वसतिगृहातल्या सातवीतल्या मुलाने तीन टोप्यांचे माथे पुन्हा ओढून शिवले आणि मला ते आतून उलटून दाखवले.

फेब्रुवारीत एक फोन जरूर करा. कोणत्या टोप्या डोक्यावर राहिल्या, कोणत्या पेटीत गेल्या, कुठला काठ सैल पडला, कुणाचं डोकं मावलं नाही, ते विचारून त्याच मापांच्या वहीत लिहून ठेवा. श्रावणात सुया काढाल तेव्हा ती वही आधी उघडा.